डोळ्याच्या पडद्याचें चित्र

आमच्या थोरल्या काकूंच्या दृष्टीचा आमच्या सबंध घराला अभिमान होता. पासष्टी उलटली तरी देवघराच्या उंबऱ्याशीं बसून त्या बारीक टायपांतली पोथी चष्म्यावांचून वाचीत. घरीं पाहुणे आले कीं हा चमत्कार त्यांना हटकून दाखविण्यांत येई, आणि "आमच्या वेळचें तूप खाल्लेलें आहे हो!" असें म्हणून काकूही त्या कौतुकाचा अंगीकार करीत. पंचेचाळिसाव्या वर्षीं लागलेली चाळिशी साठीनंतर आपोआप सुटते, यांत कांहीं विचित्र आहे, असें घरांतल्या चौदा माणसांपैकीं एकाच्याही मनांत आलें नाहीं. त्या चौदांत दोघे शास्त्राचे पदवीधर आहेत आणि प्रस्तुत लेखक आरोग्यावर दरमहा लिहितो, हें कबूल करतांना लाज वाटते. मोतीबिंदु धरूं लागला म्हणजे डोळ्यांतलें भिंग घट्ट होतें, त्याची शक्ति वाढते, आणि कांहीं काळ जवळचें वाचन पुन्हां जमूं लागतें, हें आम्हांला मागाहून कळलें. ज्याला आम्ही दृष्टीचें तेज म्हणत होतों तें एका रोगाचें पहिलें पाऊल होतें. तरी तो रोग साधा. खरा रोग त्याच्या मागें, डोळ्याच्या पडद्यावर, ठाण मांडून बसला होता, आणि त्याची आम्हांला वार्ताही नव्हती.

काकूंना मधुमेह होऊन चौदा वर्षें झालीं होतीं. गोळ्या त्या वेळेवर घेत. चहांतली साखर त्यांनीं केव्हांच सोडली होती. संकष्टीचा मोदक मात्र सुटला नव्हता. दर तीन महिन्यांनीं एक मुलगा घरीं येऊन तपासणीसाठीं रक्त घेऊन जाई. त्याचे सारे कागद एका जाड पिशवींत तारीखवार लावलेले आहेत. त्या पिशवींत मूत्रपिंडांचे कागद आहेत, हृदयाचे आहेत, पायांच्या तळव्यांचेही आहेत. डोळ्याचा एकही नव्हता. कारण काकूंना दिसत होतें.

दोन वर्षांपूर्वींच्या श्रावणांत एका शुक्रवारीं त्या जिवतीच्या चित्राला आघाड्याची माळ घालीत होत्या. मध्येंच थांबून धाकट्या सुनेला म्हणाल्या, "अग, हें कोळिष्टक कोणी झाडलें नाहीं वाटतें?" भिंतीवर कोळिष्टक नव्हतें. तें त्यांच्या उजव्या डोळ्यांत होतें, आणि नजर वळेल तिकडे वळत होतें. दुपारीं पुरणाचें जेवण झालें. संध्याकाळपर्यंत त्या डोळ्यापुढें तांबडाकाळा धूर दाटला. दुखत मात्र यत्किंचितही नव्हतें. दुखत नाहीं म्हणून शनिवार गेला, रविवार गेला, आणि सोमवारीं आम्ही नेत्रवैद्यांकडे गेलों.

उजव्या डोळ्याच्या पोकळींत रक्त उतरलें होतें. त्यांतून कॅमेऱ्याला पलीकडचें कांहींच दिसेना. म्हणून तो डोळा सोनोग्राफीच्या यंत्रानें तपासावा लागला. मग डाव्या, म्हणजे आमच्या समजुतीनें चांगल्या, डोळ्याचें छायाचित्र घेतलें. तें संगणकावर उमटलें तशा डॉक्टरबाई क्षणभर स्तब्ध राहिल्या, आणि खुर्ची काकूंजवळ ओढून म्हणाल्या, "आजी, या डोळ्यानें तुम्हांला अजून चांगलें दिसतें, म्हणूनच मला याची अधिक काळजी वाटते." चांगल्या दिसणाऱ्या डोळ्याची काळजी कां करावी, हें आम्हांला त्यांनीं तें चित्र पुढ्यांत ठेवून समजावून दिलें. तेंच आज वाचकांच्या पुढ्यांत ठेवण्याचा विचार आहे.

निरोगी पडद्याचें चित्र मोठें मनोहर असतें. केशरी-तांबूस रंगाचें एक वर्तुळ; त्यांत नाकाच्या बाजूस फिकट पिवळी चकती. दृष्टीची मुख्य शीर येथूनच डोळ्याबाहेर पडून मेंदूकडे जाते. त्या चकतींतून रक्तवाहिन्या निघून, झाडाच्या फांद्या पसराव्या तशा, वर आणि खालीं पसरलेल्या असतात. कानाच्या बाजूस किंचित गडद असा एक ठिपका असतो. तो पीतबिंदु. वाचणें, सुईंत दोरा ओंवणें, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणें हीं सारीं कामें त्या इवल्याशा जागेचीं. पडद्याची एकंदर जाडी सुमारें पाव मिलिमीटर. आणि विशेष हें कीं, कातडी न कापतां माणसाच्या जिवंत रक्तवाहिन्या उघड्या पाहावयास मिळतात अशी सोय सबंध शरीरांत येथेंच आहे.

काकूंच्या डाव्या डोळ्याच्या चित्रांत याच बागेवर टोळधाड येऊन गेल्यासारखी दिसत होती. टांचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. साखरेनें कमकुवत झालेल्या सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंतींना आलेले ते फुगे. टीपकागदावर शाई फुटावी तसे रक्ताचे डाग होते. मेणाच्या कणांसारखे पिवळे कण होते. गळक्या वाहिन्यांतून पाझरलेली ती चरबी. कोठें कोठें कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे ठिपके होते. तेथें रक्त न पोंचल्यामुळें पडद्याचे तंतु उपाशी पडले होते. आणि चकतीच्या कडेला, डॉक्टरबाईंनीं बोट ठेवून दाखविल्याशिवाय आम्हांला कधींच दिसल्या नसत्या अशा, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची एक गुंतवळ होती. निसर्गाचा येथें अपाय होतो तो उपायाच्या हौसेनें. पडदा उपाशी पडला म्हणजे तो एक द्रव्य सोडून नव्या वाहिन्यांना निमंत्रण धाडतो. त्या येतात, पण घाईनें जोडलेल्या कच्च्या नळासारख्या. एके दिवशीं त्यांतली एखादी फुटते, आणि जिवतीच्या भिंतीवर कोळिष्टक दिसूं लागतें.

इतकें सर्व पडद्यावर घडत असतां डाव्या डोळ्यानें काकूंनीं तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचून दाखविली होती. पीतबिंदु अद्याप शाबूत होता, एवढाच त्याचा अर्थ. पडद्याला वेदना नसते. तो ओरडत नाहीं. आणि दृष्टि अधू होऊं लागते तेव्हां पुष्कळदां मधले सारे टप्पे मागें पडलेले असतात.

आतां प्रश्न असा कीं, बाहुली तर काळीभोर; तींतून आंतलें इतकें दिसावें कसें? हाच प्रश्न जर्मनींतील कोनिग्जबर्ग येथील (तें गांव आज रशियांत आहे व त्याचें नांव कालिनिनग्राड) एका तरुण प्राध्यापकाला पडला होता. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ त्यांचें नांव. १८५० सालीं त्यांचें वय एकोणतीस. कांहीं जनावरांचे डोळे अंधारांत चमकतात तें कां, हें विद्यार्थ्यांना प्रयोगानें दाखवावें, इतकाच त्यांचा मूळ उद्देश होता. विचार करतां करतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, बाहुली काळी नाहींच. डोळ्यांत गेलेला उजेड ज्या वाटेनें गेला त्याच वाटेनें परततो. तो पाहावयाचा तर पाहणाऱ्याचा डोळा दिव्याच्याच जागीं हवा. पण तेथें डोकें नेलें कीं दिवा झाकतो. अंधाऱ्या खोलींत किल्लीच्या भोकांतून डोकवावयाचें असून दिवाही त्याच भोकांतून दाखवावयाचा, तशी ही अडचण. हेल्महोल्ट्झ यांनीं कांचेचे पातळ तुकडे एकावर एक ठेवून तिरपे धरले. बाजूच्या दिव्याचा उजेड त्यांवरून परावर्तन पावून डोळ्यांत शिरे, आणि परतणारा उजेड त्याच कांचांतून आरपार येऊन पाहणाऱ्याला मिळे. कांचा, एक भिंग आणि पुठ्ठा, एवढ्यावर काम झालें. १८५० च्या डिसेंबरांत त्यांनीं ही युक्ति बर्लिनच्या पदार्थविज्ञान-मंडळाला कळविली आणि पुढच्याच वर्षीं तिचें वर्णन छापून काढलें. तत्पूर्वीं तीन वर्षें, १८४७ सालीं, गणनयंत्रामुळें प्रसिद्ध असलेल्या चार्ल्स बॅबेज या इंग्रजानें असेंच एक उपकरण बनवून एका नेत्रवैद्याला दाखविलें होतें. परंतु त्या वैद्यमहाशयांना त्यांत कांहीं अर्थ दिसला नाहीं, आणि तें तसेंच पडून राहिलें. हातीं आलेली गोष्ट न ओळखण्याचें पातक एकट्या आमच्याच घराचें नाहीं, एवढें समाधान यावरून मानून घेतों.

हेल्महोल्ट्झ यांच्या सिद्धांताचा पुरावा प्रत्येकाच्या घरीं लग्नाच्या अल्बमांत असतो. दिवा आणि कॅमेऱ्याचें भिंग अगदीं जवळ जवळ असलीं म्हणजे चित्रांत माणसांचे डोळे लाल चमकतात; ती लाली म्हणजे पडद्यावरून परतलेला उजेड. हें येथें मुद्दाम सांगण्याचें एक कारण आहे. लहान मुलाच्या अशा चित्रांत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरट, मांजराच्या डोळ्यासारखी, येत असेल, आणि तें वारंवार दिसत असेल, तर "कॅमेरा बिघडला" म्हणून सोडून देऊं नये. पुष्कळदां कारण किरकोळ निघतें. पण तो मोतीबिंदु असूं शकतो, आणि पडद्याचा कर्करोगही असूं शकतो. तो रोग लौकर सांपडला तर मूल वांचतें, आणि बहुधा दृष्टीही वांचवितां येते. अशा मुलाला त्याच आठवड्यांत नेत्रवैद्यांकडे न्यावें. वाढदिवस येत असेल तर वाढदिवस पुढें ढकलावा.

हेल्महोल्ट्झ यांच्यामुळें पडदा दिसूं लागला, पण पाहणाऱ्यालाच. त्यानें पाहिलेलें दुसऱ्याला दाखवावयाचें तर हातानें चित्र रंगवावें लागे. व्हिएन्नाचे एडुआर्ड येगर यांची त्या कामांत मोठी ख्याति होती. जिवंत माणसाच्या पडद्याचें पहिलें छायाचित्र १८८६ सालीं जॅक्मन आणि वेब्स्टर या दोघा इंग्रजांनीं मिळविलें. त्याकरितां त्या माणसाला सुमारें अडीच मिनिटें डोळा स्थिर ठेवून बसावें लागलें होतें. आपणांस क्षणभर डोळा न लववितां बसा म्हटलें तरी डोळ्यांत पाणी येतें! पुढें स्वीडनचे नॉर्डेन्सन यांच्या योजनेप्रमाणें झाइस कंपनीनें १९२६ सालीं असा कॅमेरा विक्रीस आणला, आणि तेव्हांपासून त्याची सतत सुधारणा होत आली. आज चित्र निमिषमात्रांत निघतें.

यानंतरच्या दोन शोधांचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत नॉव्हॉट्नी आणि अल्व्हिस या दोघा वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं दंडाच्या शिरेंत फ्लुओरेसीन नांवाचा पिवळा रंग टोंचून, तो पडद्याच्या वाहिन्यांतून वाहत असतां भराभर चित्रें घेतलीं. पहिला प्रयोग कोणावर, याचा निर्णय नाणें उडवून झाला, आणि अल्व्हिस यांना दंड पुढें करावा लागला. नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकांनीं त्यांचा लेख नाकारला. शेवटीं १९६१ सालीं तो हृदयरोगविषयक मासिकांत छापून आला. कोणती वाहिनी गळते आणि कोणती बंद पडली, हें आजही त्या रीतीनें पाहतात. (ही तपासणी झालेल्या माणसाची लघवी एक दिवस गडद पिवळी होते. काकूंच्या वेळीं हें कोणी आगाऊ सांगितलें नव्हतें, त्यामुळें घरांत जो गोंधळ उडाला तो येथें सांगण्याजोगा नाहीं.) दुसरा शोध ओ. सी. टी. या तपासणीचा. डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९१ सालीं तो प्रसिद्ध केला. छायाचित्रांत पडदा वरून दिसतो, ओ. सी. टी. मध्यें तो वडी कापून तिचे थर पाहावे तसा बाजूनें दिसतो. पीतबिंदूखालीं पाणी सांचलें आहे कीं नाहीं, आणि औषधानें तें किती ओसरलें, हें त्यावरून बिनचूक कळतें. वरील तिघांना त्याबद्दल २०२३ चें लास्कर पारितोषिक मिळालें.

नुसतें दिसून काय उपयोग, उपाय हवा. तोही आहे, आणि त्याचा उगम आपल्या घरांत जिचा फार विचार होतो अशा एका गोष्टींत आहे. ९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनीं पाहून एका विद्यार्थ्याचा पडदा भाजला. हांबुर्ग येथील गेर्ड मायर-श्विकेराट या नेत्रवैद्यांनीं तो व्रण तपासतांना मनांत आणलें कीं, सूर्य जें बेफामपणें करतो तें आपण मोजूनमापून केलें तर? त्यांनीं आरशांच्या साहाय्यानें प्रत्यक्ष सूर्यप्रकाश वळवून पडद्यावरील विवक्षित जागा डागून पाहिल्या. पुढें सूर्याऐवजीं दिवे आणि मग लेसर-किरण आले. पडद्याच्या कडेकडेचा उपाशी भाग डागून टाकला म्हणजे नव्या वाहिन्यांचीं निमंत्रणें थांबतात. योग्य वेळीं असें केल्यास दृष्टि अतिशय खालावण्याचा संभव निम्म्याहून अधिक कमी होतो, हें अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगानें १९७६ सालीं सिद्ध झालें. आतां डोळ्यांत टोंचण्याचीं इंजेक्शनेंही आहेत. तीं त्या निमंत्रण धाडणाऱ्या द्रव्यालाच निष्प्रभ करतात. मात्र हे उपाय असलेलें राखतात. गेलेलें परत आणण्याची त्यांची शक्ति बेताची. म्हणून सारें तारीख गांठण्यावर आहे.

तारीख गांठली तर काय होतें, हें इंग्लंडांत दिसून आलें. तेथें २००३ पासून बारा वर्षें व त्यांवरील वयाच्या प्रत्येक मधुमेह्याला पडद्याचें चित्र काढून घेण्यासाठीं बोलावणें जाण्याची व्यवस्था सुरू झाली. (ज्यांच्या पडद्यावर लागोपाठ दोनदां कांहींच आढळलें नाहीं त्यांना आतां दोन वर्षांनीं बोलावतात.) तेथें आणि वेल्समध्यें कामकर्त्या वयाच्या माणसांना अंधत्व आणणाऱ्या कारणांत मधुमेह निदान पन्नास वर्षें पहिल्या क्रमांकावर होता, तो त्या जागेवरून खालीं आल्याचें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें दाखविलें. रक्तांतली साखर अधिक नीट राखली जाऊं लागली हेंही त्याचें कारण असूं शकेल, असें त्या अभ्यासकांनींच प्रामाणिकपणें म्हटलें आहे. आपल्या देशांत २०२३ सालच्या अंदाजाप्रमाणें मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत चाळीस वर्षांवरील मधुमेह्यांपैकीं शेंकडा १२.५ जणांच्या पडद्यावर विकाराच्या खुणा आढळल्या, आणि शेंकडा ४ जणांची दृष्टि धोक्यांत होती. म्हणजे एखाद्या मोठ्या मंगल कार्यालयांत पंक्तीला शंभर मधुमेही बसले आहेत असें धरलें (आणि आजकाल तें धरावयास हरकत नाहीं), तर त्यांत बारा काकू आहेत, आणि त्यांतल्या चौघींचें कोळिष्टक वाटेवर आहे.

इतक्या लोकांचीं चित्रें काढावयाचीं कोणीं आणि वाचावयाचीं कोणीं? येथें यंत्रबुद्धि उपयोगीं पडूं लागली आहे. सव्वा लाखाहून अधिक चित्रें दाखवून शिकविलेलें यंत्र मधुमेहाच्या खुणा नेत्रवैद्यांच्या तोडीनें ओळखतें, हें गूगल कंपनीच्या संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें. त्या कामांत मदुरेचें अरविंद आणि चेन्नईचें शंकर नेत्रालय यांचा सहभाग होता. मुंबईंत महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाईलला जोडलेल्या कॅमेऱ्यानें चित्रें घेऊन, इंटरनेटवांचून त्याच मोबाईलवर त्यांचा निकाल मिळविण्याचा प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. दोनशेंहून अधिक मधुमेह्यांच्या त्या तपासणींत, ज्यांना पुढें मोठ्या रुग्णालयांत पाठविणें अवश्य होतें त्यांपैकीं एकही यंत्राच्या नजरेंतून सुटला नाहीं; उलट थोड्या निरोगी माणसांना त्यानें उगाच संशयित ठरविलें. चूक करावयाचीच तर ती अशी करावी. मला स्वतःला हीं यंत्रें कौतुकास्पद वाटतात, पण त्यांच्या "ठीक आहे" या शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत ठेवावा. यंत्राला जो प्रश्न शिकविला त्याचेंच उत्तर तें देतें. मोतीबिंदु दाट असेल तर चित्र अंधुक येतें. पडद्याच्या अगदीं कडेचा भाग साध्या चित्रांत येतच नाहीं. आणि डोळ्यांतला दाब चित्रांत दिसत नाहीं.

दाबाची गोष्ट निघालीच म्हणून काचबिंदूविषयीं दोन शब्द. मोतीबिंदु आणि काचबिंदु हे भाऊ भाऊ असावेत असा नांवावरून ग्रह होतो; तो खोटा. मोतीबिंदु शस्त्रक्रियेनें जातो आणि दृष्टि परत येते. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं, आणि ती जाते बहुधा कडेकडेनें, म्हणून माणसाला उमजत नाहीं. पडद्याच्या चित्रांत त्या पिवळ्या चकतीच्या मधला खळगा वाढलेला दिसला कीं संशय येतो; मग दाब मोजतात आणि कडेची दृष्टि तपासतात. हा रोग कुळांत उतरतो. ज्या घरांत आजोबांना किंवा आईला काचबिंदु झाला असेल त्या घरांतल्या मुलांनीं आणि भावंडांनीं चाळिशीनंतर आपण होऊन तपासून घ्यावें. एकत्र कुटुंबाचा एवढा तरी लाभ आहे कीं, कोणाला काय झालें होतें हें विचारावयास माजघरापलीकडे जावें लागत नाहीं.

त्याच एकत्र कुटुंबाची एक रीत मात्र एका बाबतींत घातक ठरते, आणि येथें वडीलधाऱ्या वाचकांची क्षमा मागून स्पष्ट लिहितों. बाळंतीण आणि मूल सव्वा महिना घराबाहेर काढावयाचें नाहीं, ही रीत पुष्कळ घरीं पाळतात. मूल पुऱ्या दिवसांचें असेल तर तींत माझ्या दृष्टीनें वावगें कांहीं नाहीं. परंतु मूल चौतीस आठवड्यांच्या आंत जन्मलेलें असेल किंवा जन्मतः दोन किलोहून हलकें असेल, तर त्याच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आंत झालीच पाहिजे. फारच नाजूक मुलाची दोन ते तीन आठवड्यांतच. अशा मुलांच्या पडद्याच्या रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते; पुढें ती वेडीवांकडी झाल्यास पडदा सुटून कायमचें अंधत्व येतें. उपायाची मुदत कधीं कधीं थोड्या दिवसांचीच असते. कर्नाटकांत २००८ पासून तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन गांवोगांवच्या रुग्णालयांत जातात, तान्ह्या मुलांच्या पडद्याचीं चित्रें घेतात, आणि तीं बेंगळूरचे तज्ज्ञ पाहतात. तीस दिवस आणि सव्वा महिना यांत आठदहा दिवसांचें अंतर आहे. त्या अंतरांत एका मुलाचा जन्म अंधारांत जाऊं शकतो. तसेंच, ज्या सुनेला गर्भारपणाच्या आधींपासून मधुमेह आहे तिच्या पडद्याची तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच करून घ्यावी. त्या काळांत हा विकार झपाट्यानें वाढूं शकतो.

पुन्हां आमच्या घराकडे वळतों. काकूंनीं उजव्या डोळ्याची कोळिष्टकें दिसण्यापूर्वींच्या पांच वर्षांत तीनदां चष्म्याच्या दुकानांत जाऊन नंबर तपासून घेतला होता. तिन्ही वेळां नवी कांच मिळाली. "मधुमेह आहे का? पडदा तपासला आहे का?" हे दोन प्रश्न तेथें कोणीं विचारले नाहींत. दुकानदाराला दोष देणें सोपें आहे, आणि मी कांहीं दिवस तो मनसोक्त दिलाही. पण त्या तिन्ही वेळां काकूंबरोबर घरांतलें कोणी ना कोणी होतें, आणि त्यांपैकीं एकदां मीच होतों. घरांत पुरुषाला चक्कर आली तर त्याच दिवशीं डॉक्टर होतो. बायकांच्या डोळ्यांचा क्रम गणपति, गौरी, दिवाळी आणि मुलांच्या परीक्षा यांच्या मागून लागतो. त्यांतून थेंब घातले कीं सबंध दिवस फुकट, अशी काकूंची तक्रार.

थेंबांबद्दलची ती तक्रार अगदींच खोटी नाहीं, म्हणून काय होतें तें सांगतों. बाहुली मोठी करण्यासाठीं थेंब घालतात. ते किंचित चुरचुरतात. अर्ध्यापाऊण तासानें चित्र घेतात. त्यांत दुखण्यासारखें कांहीं नसून फक्त उजेडाचा लखलखाट असतो. पुढें चारसहा तास जवळचें अंधुक दिसतें आणि ऊन सहन होत नाहीं. म्हणून बरोबर कोणी असावें, काळा चष्मा असावा, आणि त्या दिवशीं स्कूटर चालवूं नये. थेंबांवांचून चित्र घेणारे कॅमेरेही आहेत, परंतु म्हातारपणीं बाहुली आकसलेली असते, त्यामुळें वृद्धांचीं चित्रें थेंब घालूनच चांगलीं येतात. प्रौढपणीं मधुमेह झालेल्यांनीं निदान झालें त्याच वेळीं पहिली तपासणी करावी आणि पुढें डॉक्टर सांगतील त्या अंतरानें, साधारणपणें दर वर्षीं. चित्राची एक प्रत घरीं मागून घ्यावी. यंदाच्या चित्राशेजारीं गतवर्षाचें चित्र ठेवलें म्हणजे जें कळतें तें एकट्या चित्रावरून कळत नाहीं.

काकूंच्या डाव्या डोळ्याला चार बैठकींत लेसर झालें, पांच इंजेक्शनें झालीं. उजव्यावर शस्त्रक्रिया करून रक्त काढलें, पण त्या डोळ्यानें आतां समोरचीं बोटें मोजतां येतात, अधिक नाहीं. डावा राहिला. त्यानें त्या पोथी वाचतात, चष्मा लावून. लेसरनें कडेचा पडदा खर्चीं पडला आहे, त्यामुळें तिन्हीसांजेला जिन्यावर अडखळतात. आम्ही प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी रंगवून घेतली आहे. जाड पिशवींत आतां डाव्या डोळ्याचीं पांच चित्रें तारीखवार लावलेलीं आहेत. शेवटच्या दोहोंत फरक नाहीं. तीं काकू अधूनमधून काढून पाहतात, आणि ती चकती दाखवून शेजारणींना म्हणतात, "हा माझा चंद्र. डाग आहेत, पण आहे."

गेल्या महिन्यांत त्यांनीं मला हांक मारून जवळ बसविलें. मलाही सहा वर्षांपासून मधुमेह आहे, हें वाचकांना मीं आजवर सांगितलें नव्हतें. "तुझ्या पिशवींत डोळ्याचा कागद आहे का रे?" असें त्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, "काकू, मला अजून चांगलें दिसतें." त्या कांहीं बोलल्या नाहींत, नुसत्या माझ्याकडे, डावा डोळा जरा पुढें करून, पाहत राहिल्या. येत्या मंगळवारीं दहा वाजतां माझ्या डोळ्यांत थेंब पडावयाचे आहेत. बरोबर काकू येणार आहेत.